आठ ठिपक्यांचा रंधा

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मी स्टोअरकीपर म्हणून रुजू झाले त्या दिवशी तिथल्या सरांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, बसा म्हटलं नाही. म्हणाले, "हात दाखवा."

मला वाटलं ज्योतिष बघतात. नागपूरहून पुण्याला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते, आणि पुण्याच्या माणसांबद्दल जे जे ऐकलं होतं ते रोज एकेक करून खरं ठरत होतं. मी हात पुढे केला. त्यांनी त्यावर घासून लख्ख केलेला लोखंडाचा एक तुकडा ठेवला, मूठ मिटायला लावली, मनातल्या मनात साठ मोजले, मग तो तुकडा चिमट्यानं उचलून कागदावर ठेवला आणि कागदावर तारीख टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावून दाखवलं. तुकड्यावर माझी चार बोटं तांबूस गंजानं उमटली होती.

"आपला हात खारट आहे," ते म्हणाले. "रागीट माणसांचा असतो. जुन्या अवजारांना हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही."

मला असा काही राग आला की त्यांचं म्हणणं जागच्या जागी सिद्ध झालं. नंतर कळलं, ही परीक्षा सगळ्यांचीच होते. दर वर्षी पहिल्या वर्षाची पोरं आली की ते प्रत्येकाच्या मुठीत तुकडा देत, आणि दुसऱ्या दिवशी वर्गाचे खारट आणि अळणी असे दोन भाग पाडत. एका प्राचार्यांचा हातही त्यांनी खारट काढला होता. ते प्राचार्य पुढे बदलून गेले, पण आम्हा खारटांना त्यांचा आधार वाटायचा.

ते वर्कशॉपचे निदेशक. सुतारकाम आणि फिटिंग शिकवायचे. पोरं त्यांना घासलेट सर म्हणत, कारण त्यांच्या अंगाला रॉकेलचा वास मुरलेला असे. सदरा पांढराशुभ्र, इस्त्रीचा, आणि नखं कायमची काळी. बसमध्ये आपल्या शेजारची जागा स्वारगेटपर्यंत रिकामी राहते हे ते अभिमानानं सांगत. शनिवार पेठेत दोन खोल्यांत एकटे राहायचे. लग्न का केलं नाही असं कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, "दोन खोल्या आहेत. एकीत मी असतो, दुसरीत अवजारं."

वर्कशॉपच्या माळ्यावर जुन्या हत्यारांचा ढीग होता. कॉलेज सुरू झालं तेव्हापासूनचे रंधे, पटाश्या, वाकस, गिरमिटं, गुण्ये, कानशी. मी येण्याच्या आधी कधीतरी तो ढीग भंगारात निघाला होता. त्या दिवशी हे त्या ढिगावर चढून डबा उघडून जेवायला बसले, आणि भंगाराचा टेम्पो परत गेल्यावरच उठले, असं जुने लोक सांगत. तेव्हापासून रोज चार वाजता तास संपले की ते एक अवजार खाली आणायचे.

खाली आणायचे म्हणजे साफ करायचे, असं कुणाला वाटेल. आधी ते अवजार टेबलावर आठ दिवस नुसतं ठेवलेलं असायचं. जाता येता त्याच्याकडे बघायचे. कधी खुर्ची ओढून समोर बसायचे. मग एके दिवशी रॉकेलचा बोळा घेऊन लोखंडावर अलगद फिरवायचे, दात घासायच्या जुन्या ब्रशनं फटी साफ करायचे, आणि जुन्या सुती बनियनच्या कापडानं पुसून घ्यायचे. लाकडी दांड्याला जवसाचं तेल, तेही कापडानं नाही, तळहातानं, ऊब लागेपर्यंत. शेवटी मेणाचा हात. झालं. इतकं करूनही अवजार होतं तसंच काळंसावळं दिसायचं, आणि नवा माणूस हमखास विचारायचा, "सर, अजून साफ करायचंय ना हे?"

"हा गंज नाही," ते म्हणायचे. "हे मुरलंय. तुमच्या आईनं मुरवलेलं लोणचं तुम्ही धुऊन खाता का?"

पॉलिश पेपर हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. गंज पोटात शिरला की खातो, तो काढायचा. पण वरचा काळपटपणा हा त्या लोखंडाचा अंगरखा आहे, तो ओरबाडणारा माणूस आणि गंज यांत गंज बरा, कारण तो सावकाश तरी खातो, असं त्यांचं मत होतं. पावसाळ्यात त्यांचा जीव टांगणीला लागायचा. कपाटाच्या प्रत्येक खणात कापूर ठेवलेला आणि पंधरा वॅटचा पिवळा दिवा लावलेला, आत ऊब राहावी म्हणून. कॉलेजनं एका सुट्टीत सगळीकडचे दिवे काढून एलईडी लावले तेव्हा त्यांनी आठ दिवस प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसून काढले. "हे उजेड पाडतात हो, पण यांच्यात माया नाही," असं ते सांगत, आणि एलईडी बसवणाऱ्या पोराला कळेना की हा माणूस दिव्यावर का रुसलाय. शेवटी त्यांनी पिवळ्या दिव्यांचं एक खोकं कुठूनसं मिळवून माझ्या स्टोअरमध्ये लपवलं. चपलांच्या खोक्यांत ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या निघतात, त्या गोळा करायला ते लक्ष्मी रोडच्या दुकानांतून हिंडायचे. चप्पल घ्यायची नाही, नुसती पुडी मागायची. दुकानदार काय बोलत असतील ते मला ठाऊक आहे, कारण एकदा मी बरोबर होते.

खंडेनवमीला तर दर वर्षी महाभारत. सगळी हत्यारं पाटावर मांडली जायची, झेंडूची फुलं यायची, आणि प्राचार्य फुलपात्रातलं पाणी बोटांनी शिंपडायला लागले की हे पुढे होऊन त्यांचं मनगट धरायचे.

"लोखंडाला आंघोळ नको."

"अहो सर, पूजा आहे."

"मी रोज करतो. आपण वर्षातून एकदा करता, आणि मग ते डाग मी दिवाळीपर्यंत काढत बसतो."

हळदकुंकू ते घरून खोबरेल तेलात कालवून आणायचे आणि ते सुद्धा फक्त दांड्याला. आरती संपली की अर्ध्या मिनिटात झेंडू उचललेला असायचा. ऑफिसातले लोक त्यांना नास्तिक म्हणत. मी इतकंच सांगते, की त्या इमारतीत हात जोडण्यासारखं काही करताना मी फक्त त्यांनाच पाहिलं.

एकदा एका सहकाऱ्याच्या निरोपाची पार्टी बाणेरच्या एका नव्या हॉटेलात होती. भिंतीवर जुन्या करवती, रंधे, ओळंबे खिळ्यांनी ठोकलेले, वर चॉकलेटी वार्निश, खाली पिवळे झोत. आम्ही मेनू बघत होतो, तोवर हे खुर्चीवर उभे राहून एका करवतीचे दात चाचपत होते. मॅनेजर धावत आला. यांनी खाली उतरून त्याला शांतपणे विचारलं, "आपल्या आजोबांनाही असंच वार्निश मारून टांगलंय का?" आणि न जेवता निघून गेले. आम्ही सगळे हसलो, मी सुद्धा. त्या हसण्याची आता मला लाज वाटते.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

सुताराच्या अवजारावर त्याची खूण असते हे मला त्यांनी शिकवलं. पूर्वी एका कामावर दहा दहा सुतार, सगळ्यांचे रंधे सारखे, म्हणून जो तो आपापल्या रंध्याच्या पुढच्या तोंडावर तापवलेल्या खिळ्यानं डाग द्यायचा. कुणाचे तीन ठिपके, कुणाची फुली, कुणाचं नुसतं अर्धं वर्तुळ. अवजार एका हातातून दुसऱ्या हातात गेलं की नवा मालक जुन्या खुणेच्या शेजारी आपली खूण द्यायचा. जुनी खूण कुणी घासत नसे आणि खोडत नसे. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण त्यांनी तपासलेल्या शेकडो अवजारांत तो एकदाही मोडलेला नव्हता. त्यांच्याकडे एक वही होती, तीत त्यांनी पेन्सिलनं या खुणा उतरवल्या होत्या आणि माहीत असेल तिथं माणसाचं नाव लिहिलं होतं. लिहितावाचता न येणाऱ्या माणसांची ही सही, असं ते म्हणायचे.

त्या ढिगात नसलेला, त्यांच्या टेबलाच्या खणात राहणारा एक रंधा होता. शिसवीचा, हाताच्या घामानं काळा झालेला. तो लहानू मिस्त्रींचा. लहानू मिस्त्री कॉलेजच्या सुरुवातीपासून वर्कशॉपमध्ये होते. कागदोपत्री हमाल. प्रत्यक्षात पंचवीस तीस वर्षं सगळ्या पोरांना रंधा धरायला त्यांनी शिकवलं, आणि जर्नलवर सह्या मात्र निदेशकांनी केल्या. आमचे सर तरुणपणी नोकरीला लागले तेव्हा त्यांनाही मिस्त्रींनीच शिकवलं. "डिप्लोमा माझ्याकडे होता, हात त्यांच्याकडे होता," असं ते सांगायचे. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मिस्त्रींनी रंधा यांच्या टेबलावर ठेवला आणि निघून गेले. सरांनी त्यावर स्वतःची खूण कधीच दिली नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "मला अजून तेवढं येत नाही."

त्या रंध्याच्या तोंडावर दोन खुणा होत्या. एक चंद्रकोर, तिच्यावरून एक आडवी रेघ गेलेली. तिच्या शेजारी गोलात आठ ठिपके, मध्ये एक. वहीत सरांनी लिहिलं होतं: "चंद्रकोर, आधीचा मालक, अज्ञात. फूल, आठ पाकळ्या, लहानू मिस्त्री."

मी हातमोजे घालून तो रंधा पहिल्यांदा हातात घेतला आणि म्हटलं, "सर, हे फूल नाही. हे चक्र आहे. धम्मचक्र."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नागपूरची, आमच्या घरी हे चक्र भिंतीवर, दारावर, लग्नाच्या पत्रिकेवर. मला ओळखायला काही लागलंच नाही. त्यांनी रंधा उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "ही रेघ खुणेचा भाग नाही, चंद्रकोर खोडलेली आहे. दुसऱ्याची खूण कुणी खोडत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तीही त्यांचीच. दीक्षा घेतल्यावर त्यांनी स्वतःची जुनी खूण स्वतः खोडली आणि नवी दिली." मग त्यांना संताप आला, आणि तो सगळा स्वतःवर. "इतकी वर्षं मी या माणसाच्या शेजारी उभा राहिलो. मी फूल लिहिलं. विचारलं नाही हो मी त्यांना, मी साधं विचारलं नाही."

वहीतलं "फूल" त्यांनी एका रेघेनं खोडून वर "चक्र" लिहिलं. त्यानंतर आम्ही दोघांनी मिस्त्रींच्या घरच्यांचा शोध सुरू केला. वर्ष गेलं त्यात. शेवटी विश्रांतवाडीत त्यांची मुलगी सापडली, सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेली. मी फोनवर खुणेबद्दल सांगितलं, ते त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "बाबांच्या हातचं आमच्याकडे काहीच नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं. एक फोटो आहे, त्यात ते मागे उभे आहेत, अर्धे." फोटो काढून पाठवू का म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नको. मी येऊनच हात लावीन."

तेव्हा सर निवृत्त झालेले होते, पण रोज येत होते. कॉलेजनं हो म्हटलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. त्याच सुमारास नव्या इमारतीच्या दालनात "हेरिटेज कॉर्नर" करायचं ठरलं. प्राचार्य नवे होते, उत्साही. त्यांनी सरांचीच अवजारं मागितली. सर तयार होईनात. मीच त्यांच्या मागे लागले. म्हटलं, काचेत राहतील, लोक बघतील, मिस्त्रींच्या मुलीला, ताईंना, समारंभानं बोलावता येईल, मिस्त्रींचं नाव त्या इमारतीत एकदा तरी लागेल. या शेवटच्या वाक्यावर ते वळले. चाळीस अवजारं निवडली आणि पहिला नंबर त्या रंध्याला दिला.

उद्घाटनाच्या पाच दिवस आधी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, म्हणून ते घरी. त्या आठवड्यात ऑफिसचा कागद आला: प्रदर्शनातील अवजारे स्वच्छतेसाठी सजावटवाल्यांकडे पाठवणे. संध्याकाळचे पाच वाजले होते, टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवत होता. मला वाटलं, फडक्यानं पुसून काचेत लावतील. सरांना फोन करावा असं मनात आलं, पण डोळ्यात थेंब घालायची वेळ असेल, कशाला त्रास, म्हणून केला नाही. गेटपासवर सही मी केली.

आठ ठिपके चक्र आहे हे ज्या बाईनं ओळखलं, तिनंच सही केली. हे मी पुन्हा पुन्हा लिहिते कारण माझा मलाच येणारा संताप दुसऱ्या कशानं भागत नाही.

उद्घाटनाला ताई आल्या. पांढरी साडी, निळा काठ, बरोबर कुणी नाही, एकट्या. सर काळा चष्मा लावून आले. दोघांची ओळख मी करून दिली. ते त्यांना म्हणाले, "ताई, मी आपल्या वडिलांचा विद्यार्थी." आयुष्यात कुणाशी ते इतक्या मऊ आवाजात बोललेले मी ऐकले नव्हते. पडदा सरकला, दिवे लागले, टाळ्या झाल्या.

"इतका उजेड कशाचा?" सरांनी मला विचारलं.

काचेच्या कपाटात चाळीस अवजारं सराफाच्या दुकानासारखी चमकत होती. मशीननं घासून लोखंड आरसा केलेलं. दांड्यांवर तांबडं लॅकर. चाळीस वर्षांचं, साठ वर्षांचं मुरलेलं सगळं चार दिवसांत उतरवून ठेवलेलं. प्रमुख पाहुण्यांनी फोटोसाठी रंधा हातात घेतला होता. सर पुढे गेले, आणि पाहुण्यांच्या हातून त्यांनी तो काढून घेतला. विचारलं नाही. डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, म्हणून अंगठा रंध्याच्या तोंडावर फिरवला. एकदा वरून खाली. मग आडवा. मग रंधा उलटा करून मागचं तोंड चाचपलं, चुकून उलटा धरला असेल म्हणून. मग परत पुढचं. लोक हसऱ्या चेहऱ्यानं बघत होते. त्यांना वाटलं, म्हातारा भारावलाय.

ताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "कुठंय?" त्यांनी विचारलं.

सरांनी त्यांचा अंगठा हातात घेतला आणि त्या गुळगुळीत लाकडावर टेकवला. "इथं होती," ते म्हणाले.

ताईंनी अंगठा काढला नाही. खाली पितळी पट्टी होती, तीवर कोरलं होतं: जुनी अवजारे, अज्ञात कारागीर. त्यांनी ती वाचली. मग म्हणाल्या, "बाबांचं नाव कुठंच लागलं नव्हतं. त्यांनी स्वतः लावलेलं एक होतं, ते पण तुम्ही काढलंत." आवाज चढवला नाही. प्राचार्यांना नमस्कार केला आणि निघाल्या. मी फाटकापर्यंत मागे गेले. रिक्षात बसताना त्या मला म्हणाल्या, "तुम्ही बोलावलंत, तुमचा दोष नाही." तिथं मी त्यांना सहीचं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

सरांना मात्र त्याच संध्याकाळी सांगितलं. चूक झाली सर, म्हटलं. ते म्हणाले, "चूक झाली म्हणू नका. सही केली म्हणा." तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. मी एकदा धीर करून सुचवलं, की वहीत खूण आहे, खिळा तापवून तशीच परत देऊ. तेव्हा काळा चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "ती मग आपली खूण होईल, मॅडम. मिस्त्रींची कशी होईल?"

उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले होते. माझ्याशी अबोला होता, तरी मी मागोमाग गेले. त्यांनी एवढंच मागितलं, की "अज्ञात" ही पट्टी काढून मिस्त्रींचं नाव लावा.

"सर, भावना समजू शकतो," प्राचार्य म्हणाले. "पण रेकॉर्ड लागतं. ऑफिसला बघितलं, या नावाचे एक हमाल होते. सुतार म्हणून नोंद नाही. रंधा त्यांचाच, याला पुरावा काय?"

"पुरावा आपण घासून टाकलात."

"वहीतलं चित्र तर तुम्हीच काढलंय."

"हो. आणि पट्टी आपण कोरलीत."

प्राचार्य हसले. वाईट माणूस नाही तो, हीच तर अडचण आहे. म्हणाले, "पण बघा ना, किती छान दिसतंय आता. पोरं सेल्फी काढतात तिथं." सर उठले. दारापाशी जाऊन वळून म्हणाले, "आपला हात एकदा तपासायला हवा होता." प्राचार्यांना काही कळलं नाही.

त्यानंतर ते कॉलेजात आले नाहीत. घरी त्यांची स्वतःची जी हत्यारं होती, जुन्या बाजारातून रविवार रविवार हिंडून घेतलेली, ती त्यांनी वाटून टाकायला काढली. मंडईच्या मागच्या बाजूला जे सुतार सकाळी काम मिळेल म्हणून उभे असतात, त्यांना एकेक. बरोबर तेलाची छोटी बाटली आणि बनियनचं कापड. अट एकच, वापरायचं. एका बिहारी सुतारानं विचारलं, "बाबूजी, इसपे तो किसी का निशान है?" तर हे आपल्या भयंकर हिंदीत म्हणाले, "बाजू में तुम्हारा लगाव. उसका रहने दो." त्या दिवशी मी त्यांना बऱ्याच महिन्यांनी खूश पाहिलं. संताप गेला नव्हता, त्याला फक्त काम मिळालं होतं.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. साधा ताप आला आणि चार दिवसांत संपलं. खोलीत अवजार एकही उरलं नव्हतं. पांढऱ्या पुड्यांनी भरलेली एक बरणी होती आणि ती वही. वही मी ताईंना नेऊन दिली, आणि फाटकापाशी जे बोलले नव्हते ते त्यांच्या घरी बसून बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि म्हणाव्यात असं मलाही वाटत नाही.

कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य बोलायला उठले. सरांची शिस्त, सरांची निष्ठा, सगळं झालं. मग म्हणाले, "आपल्या दालनात जी अवजारं आज आरशासारखी चमकताहेत, ती सरांच्या हातांची पुण्याई आहे. जाता येता त्या चमकेत आपल्याला सर दिसत राहतील."

मी उभी राहिले. शोकसभेत मधेच कुणी उभं राहत नाही हे मला कळतं. म्हटलं, "ती चमक सरांची नाही. त्यांनी आयुष्यभर ती चमक लोखंडापासून लांब ठेवली. ती सजावटवाल्याच्या मशीनची आहे, माझ्या सहीनं आलेली आहे, आणि तिच्याखाली लहानू भिवा साळवे नावाच्या माणसाची खूण होती." सभागृहात कुणीतरी खोकलं. प्राचार्यांनी हात जोडले. म्हणाले, "मॅडम, भावना पोचल्या. बाहेर सर्वांसाठी चहा आहे." आणि लोक उठले. खरोखर उठले आणि चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टोअरमधला एक कोरा कागद घेतला, त्यावर मार्करनं लिहिलं: "हा रंधा लहानू भिवा साळवे, सुतार, यांचा. यावर त्यांनी स्वतःच्या हातानं दिलेली खूण होती. ती या कॉलेजनं माझ्या सहीनं घासून टाकली." खाली माझं नाव, हुद्दा. आणि काचेवर, "अज्ञात"च्या बरोबर वर, चिकटवला. संध्याकाळी तो काढलेला होता. पुढच्या सकाळी मी दुसरा लावला.

तेव्हापासून रोज मी सकाळी लावते आणि संध्याकाळी शिपाई काढतो. तो बिचारा आता कागद फाडत नाही, घडी करून माझ्या टेबलावर आणून ठेवतो. मेमो आले, मी त्यांना उत्तरं दिली. परवा प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले, पाणी मागवलं, आणि अगदी थकल्या आवाजात विचारलं, "मॅडम, हे किती दिवस चालणार आहे?"

मी म्हटलं, "माझ्या निवृत्तीला अजून अकरा वर्षं आहेत."